कातळ रंगवा, वाळू रंगवा

देवगड तालुक्यातल्या मिठबावच्या पुळणीवर किंवा गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, कुणी चित्रकार बोर्ड मांडून बसला, की येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, “हयसर काय आसा रंगवण्यासारख्या? नुसतो कातळ.” पाठोपाठ सल्लाही मिळतो. माडांच्या बागेत जा, खाडीत होड्या लागल्यात त्या काढ, नाहीतर गजबादेवीचं देऊळ काढ. गावातल्या माणसाने असं म्हटलं तर त्यात वावगं काही नाही. तो त्या कातळावर जन्मभर राबला आहे. त्याला त्याची नवलाई उरलेली नाही. माझा राग आहे तो हेच मत हुद्द्याच्या जोरावर सांगणाऱ्यांवर. कलाशिक्षक, स्पर्धांचे परीक्षक, प्रदर्शनांचे आयोजक, बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या भिंतींसाठी चित्रं निवडणारे सजावटकार, या सगळ्यांनी मिळून निसर्गचित्राची एक व्याख्या पक्की करून टाकली आहे, आणि त्या व्याख्येत उजाड जमिनीला जागा नाही.

त्यांचं म्हणणं असं. उजाड जागेत विषयच नसतो. वाळवंट एकाच रंगाचं असतं, म्हणून त्याचं चित्र कंटाळवाणं होतं. पिवळ्याचे दोन-तीन हात मारले, वर निळं आकाश आणि कडेला एक उंट घातला की वाळवंट झालं. चित्रात खोली आणायची तर दूर जाणारा रस्ता, झाडांची रांग, नदीचं वळण असं काहीतरी हवं, आणि सपाट वाळूत ते मिळत नाही. पोत दाखवायचा तर रंग जाड लावावा, चाकू चालवावा, हवं तर रंगात खरी वाळू कालवावी. प्रत्यक्ष जागेवर बसायचीही गरज नाही, मोबाइलवर फोटो काढून घरी रंगवलं तरी चालतं. आणि शेवटचा, हुकमी मुद्दा: एवढं हिरवंगार कोकण पुढ्यात असताना कातळ आणि वाळू रंगवायचीच कशाला? ती चित्रं घेणार कोण?

यातलं एकही विधान टिकणारं नाही. एकेक घेऊ.

विषय नसतो म्हणजे नेमकं काय नसतं? झाड नसतं, होडी नसते, देऊळ नसतं, माणूस नसतो. म्हणजे जिला चटकन नाव देता येईल अशी वस्तू नसते. चित्र म्हणजे वस्तूंची यादी, हे आपल्याला शाळेपासून शिकवलं गेलं आहे. निसर्गचित्र काढा म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत तेच चित्र निघतं: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठाला झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात दोन-दोन रेघांचे पक्षी. यातली एकही गोष्ट मुलाने पाहून काढलेली नसते. सिंधुदुर्गातल्या मुलाच्या वहीतही तेच त्रिकोणी डोंगर असतात, आणि त्याच्या शाळेच्या मागे मात्र माथा सपाट कापल्यासारखा सडा आडवा पसरलेला असतो. तो त्याच्या चित्रात कधी येत नाही, कारण तो पाहायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

ओहोटीच्या वेळी मिठबावच्या पुळणीवर उभं राहून पाहा. पाण्यालगतची वाळू ओली आणि गडद असते, तिच्यात आकाश उतरलेलं असतं. तिच्या वरच्या अंगाला लाटांनी पाडलेल्या वळ्या. त्यांच्याही वर खेकड्यांनी बिळांभोवती मांडून ठेवलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या. मग भरतीची रेघ, शिंपल्यांची आणि काटक्यांची. मग पाय रुततो ती भुसभुशीत कोरडी वाळू. आणि सगळ्यांत वर मर्यादवेलीने आणि रावणाच्या मिशांनी धरून ठेवलेले उंचवटे. मधूनच काळ्या वाळूचा एखादा पट्टा दिसतो. जड खनिजांचे कण लाटांनी चाळून वेगळे टाकलेले असतात. पाण्यापासून वेलीपर्यंतच्या थोड्याशा अंतरात जमिनीने इतके पोत बदललेले असतात. सड्यावर चढलात तर जांभ्याचं वरचं कवच उन्हापावसाने काळवंडलेलं दिसतं. जिथे ते फुटलं आहे तिथे आतून तांबडा, पिवळा, क्वचित पांढुरका दगड डोकावतो. मे महिन्यात त्यावर वाळक्या गवताचा फिकट थर असतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर तोच कातळ ओला होऊन जवळजवळ जांभळा दिसू लागतो, आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यात ढग येतात. एवढं सगळं पाहून ज्याला ‘काही नाही’ असं म्हणावंसं वाटतं, त्याची तक्रार जमिनीबद्दल आहे की स्वतःच्या डोळ्यांबद्दल?

साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण इथे कुणी पुढे करेल: सड्याला आम्ही कमी लेखत नाही, तिथे तर रीघ लागते. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली कासचा समावेश झाला हे खरं. पण रीघ कधी लागते? पठार फुलतं तेव्हा. फुलं सरली की माणसं सरतात. कातळ तेव्हाही तिथेच असतो, त्यावरचा प्रकाश तेव्हाही बदलत असतो. फुलांचा चाहता होणं सोपं आहे. माझा मुद्दा फुलं नसलेल्या महिन्यांचा आहे.

उजाडात विषय नसता तर चित्रकलेच्या इतिहासातली काही फार मोठी चित्रं झालीच नसती. फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव्ह गियोमे याचं १८६७ चं ‘सहारा’ पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यात समोर उंटाचा सांगाडा, दूर क्षितिजावर धूसर होत गेलेला तांडा, आणि या दोहोंच्या मध्ये फक्त जमीन आणि प्रकाश. त्या मधल्या जागेनेच ते चित्र थरकाप उडवतं. जॉर्जिया ओकीफ १९२९ च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशात रंगवायला गेली, पुढे पुन्हा पुन्हा जात राहिली आणि १९४९ मध्ये तिथेच कायमची राहायला गेली. राखाडी-काळ्या टेकड्यांच्या एका निर्जन जागेला तिने ‘ब्लॅक प्लेस’ असं नाव दिलं होतं. तिथे मुक्काम ठोकून तिने त्याच टेकड्यांची अनेक चित्रं केली. ही माणसं विषय सापडत नव्हता म्हणून तिकडे गेली होती का?

परदेशाचे दाखले नको असतील तर घरचा घ्या. शांतिनिकेतनच्या आसपास बीरभूमची जमीन आपल्या सड्यासारखीच लोहयुक्त, तांबडी, जांभ्याची. पावसाने कापून कापून तिच्यात घळी पडल्या आहेत. तिकडे तिला खोवाई म्हणतात. शेतीला ती निरुपयोगी. नंदलाल बोस यांनी आणि त्यांचे शिष्य बिनोद बिहारी मुखर्जी यांनी त्याच निरुपयोगी जमिनीतून भारतीय निसर्गचित्राला नवं वळण दिलं. थोडीशी ताडाची झाडं, चढउतारांची तांबडी जमीन आणि भलं मोठं आकाश एवढ्यावर ही चित्रं उभी आहेत. तोच दगड बंगालमध्ये चित्रविषय होतो आणि देवगड तालुक्यात ‘नुसतो कातळ’ राहतो, याचं कारण दगडात कसं असेल?

आता रंगाचा मुद्दा. वाळवंट पिवळं असतं असं म्हणणारा माणूस वाळू पाहत नसतो, त्याला वाळूबद्दल जे माहीत आहे ते तो रंगवत असतो. उन्हातल्या कोरड्या वाळूवर सूर्याचा उबदार प्रकाश पडतो. तिच्यावरच्या सावलीत सूर्य नसतो, पण आकाश असतं, म्हणून ती सावली निळसर होते. तीच सावली कातळावर पडली की शेजारच्या तापलेल्या तांबड्या दगडाचा उजेड तिच्यात मिसळतो आणि ती जांभळ्याकडे झुकते. ओल्या वाळूत कणांमधल्या जागा पाण्याने भरतात, प्रकाश कमी विखुरतो, रंग गडद आणि दाट होतो. त्याच ओल्या वाळूकडे तिरक्या नजरेने पाहिलं की तिचा स्वतःचा रंग जाऊन आकाशाचा येतो. सकाळी मिठबावच्या पुळणीवर ऊन उशिरा उतरतं, कारण सूर्य मागच्या सड्याआडून येतो. तोवर सगळी वाळू थंड, करडी असते. संध्याकाळी तो समोर समुद्रात उतरतो आणि वाळूच्या प्रत्येक वळीची एक बाजू तापते, दुसरी गार पडते. एकाच जागेचे दिवसभरात इतके रंग असताना यलो ऑकरची एक ट्यूब कशी पुरणार?

आणि ज्या यलो ऑकरवर आणि बर्न्ट सिएनावर सगळा भार टाकला जातो, ते रंग तरी आले कुठून? ते लोहाची खनिजं असलेल्या मातीतूनच आले. पिवळी माती भाजली की तांबडी होते, म्हणून सिएना आणि बर्न्ट सिएना. जांभ्यातला पिवळा आणि तांबडा हा त्याच लोहखनिजांचा खेळ आहे. रंगपेटीतले सगळ्यांत जुने रंग ज्या प्रकारच्या मातीतून निघाले, त्या मातीला रंग नाही असं एक चित्रकार कसं म्हणू शकतो? सय्यद हैदर रझा नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पॅरिसला स्थायिक झाले, आणि तिथून त्यांनी ‘राजस्थान’ नावाचे कॅनव्हास रंगवले. ते तांबड्याने, तपकिरीने, काळ्याने पेटलेले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष मध्यभागातला आदिवासी चित्रकार अल्बर्ट नामातजिरा याने आपल्या मायभूमीचे जांभळे डोंगर आणि गुलाबी मातीचे विस्तार जलरंगात केले. या दोघांपैकी कुणाच्याही रुक्ष भूमीत पिवळ्याचं राज्य नाही.

तिसरं विधान खोलीचं, आणि ते सगळ्यांत जास्त नुकसान करतं. खोली दाखवायला वस्तू लागतात, ही समजूत यथार्थदर्शनाच्या पहिल्या धड्यावरच अडकून राहिल्यामुळे झाली आहे. रेल्वेचे रूळ क्षितिजावर एका बिंदूत मिळतात, विजेचे खांब लहान लहान होत जातात, हे खरं. पण रूळ आणि खांब नसलेल्या जागी आपला डोळा काय आंधळा होतो? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञापुढे हाच प्रश्न होता: मोकळ्या जमिनीवर विमान उतरवताना वैमानिकाला अंतर कसं कळतं? १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने उत्तर दिलं की जमिनीचा पोतच अंतर सांगतो. पायाशी दाणे मोठे आणि सुटे दिसतात, दूर जाताना ते लहान आणि दाट होत जातात, आणि शेवटी एकसंध पट्टा उरतो. ज्या पुळणीला परीक्षक सपाट म्हणतात, त्या पुळणीवरच्या वळ्या हेच सांगत असतात. पायाशी त्यांच्यात हातभर अंतर, पुढे वीतभर, मग बोटभर, मग नुसती रेषांची दाटी, मग तीही नाही. हा क्रम ज्याला कागदावर साधला, त्याला रस्त्याची आणि झाडांच्या रांगेची गरज नाही.

हवेचंही तसंच. ‘दूरचं निळं करा’ असं एक सूत्र घोटून घेतलं जातं. हिरव्या डोंगरांच्या प्रदेशात ते बऱ्यापैकी लागू पडतं. वाळवंटात ते खोटं ठरतं. हवेत धूळ असेल तर दूरची जमीन निळी न होता दुधाळ आणि उबदार होते, आकाश आणि जमीन यांच्यातली रेघ पुसली जाते. हवा कोरडी आणि स्वच्छ असेल तर उलट घडतं. मैलोन् मैल दूरची टेकडी पायाशी असल्यासारखी धारदार दिसते, आणि तिथे अंतर दाखवायला आकारांची एकावर एक चढती मांडणी, सावल्यांची दिशा आणि मोजमाप एवढंच हाती असतं. कोकणात एप्रिलमध्ये हवा दमट आणि खारट असते. पुळणीच्या टोकाचा कडा पांढुरका होतो, त्याचे गडद भाग आधी फिके पडतात. तीन जागी तीन निरनिराळ्या हवा, आणि शिकवायचं सूत्र मात्र एकच? वाळवंट रंगवताना विद्यार्थ्याचं चित्र पडतं ते वाळवंटाला खोली नसल्यामुळे पडत नाही. दुसऱ्या प्रदेशाची खोली आणून त्याने इथे चिकटवलेली असते.

मी तर पुढे जाऊन म्हणेन की खोली शिकायची असेल तर उजाड जागेसारखी शाळा नाही. बागेत चित्रकाराला लपायला जागा मिळते. मांडणी फसली तर एक माड पुढे आणता येतो, रंग मळला तर त्यावर झुडूप काढता येतं. सड्यावर ती सोय नाही. क्षितिज कागदाच्या बरोबर मध्यावर ओढलं तर चित्राचे दोन तुकडे झालेले लगेच दिसतात. आकाशापेक्षा वाळू किती उजळ किंवा किती गडद हे पहिल्या वॉशलाच ठरवावं लागतं. तो अंदाज चुकला तर पुढची कुठलीही कारागिरी चित्राला वाचवत नाही. मोठे तीन-चार आकार, त्यांच्या छटांचं एकमेकांशी नातं, कडा कुठे कठीण आणि कुठे विरलेली, एवढ्यावर सगळं उभं राहतं किंवा कोसळतं. निसर्गचित्राचा कणा तो हाच.

चौथा मुद्दा पोताचा. रंग जाड लावला की पोत येतो, हे मत प्रात्यक्षिकांच्या व्यासपीठावरून इतकं पसरलं आहे की वाळवंटाचं चित्र म्हणजे रंगाचा गिलावा असं समीकरण झालं आहे. सरळ प्रश्न आहे: मऊ, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेल्या टेकाडावर चाकूने खरबरीत थर कशासाठी? आणि पायाशी असलेला कातळ, मधली वाळू आणि दूरचं क्षितिज या तिन्हींवर सारखाच जाड रंग बसला, तर दूरचं पुढे येणार नाही तर काय होणार? पोत सगळीकडे सारखा झाला की खोली मरते. म्हणूनच पोत आणि खोली हे दोन वेगळे धडे नाहीत. पोत कुठे द्यायचा, किती द्यायचा आणि कुठे साफ थांबवायचा, यातूनच खोली तयार होते.

शिवाय पोत दिसतो तो प्रकाशामुळे. भर दुपारच्या उन्हात वाळू सपाट दिसते, कारण कणांना सावली उरत नाही. ऊन तिरकं झालं की प्रत्येक कण, प्रत्येक वळी, कातळाचं प्रत्येक भोक उठून दिसतं, आणि सगळ्यांत जास्त दिसतं ते उजेड आणि सावली यांच्या सीमेवर. पूर्ण उन्हातला भाग आणि पूर्ण सावलीतला भाग दोन्ही शांत असतात. ज्याने हे पाहिलं आहे तो पोत त्या सीमेवर देईल आणि बाकीचं मोकळं सोडेल. जलरंगात त्यासाठी जाडी लागतच नाही. दाणेदार कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला की रंग दाण्यांच्या माथ्यावर बसतो आणि खळगे पांढरे राहतात. जांभ्याचा खरखरीतपणा तिथेच आला. अल्ट्रामरीनसारखा रंग ओल्या वॉशमध्ये आपोआप कणाकणाने खाली बसतो. सावलीतल्या वाळूसाठी याहून चांगलं काय हवं? तैलरंगात खालचा थर सुकू द्यावा, वरून फिका कोरडा रंग हलकेच घासावा, खालचा मधूनमधून दिसू द्यावा. चाकू जरूर वापरावा, पण अगदी पुढच्या दगडासाठी, तोही हात आवरून. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. त्यांच्या कॅनव्हासवरची खोली मात्र रंगाच्या ढिगातून आलेली नाही. थर चढवत आणि काढत, एकातून दुसरा झिरपू देत ती आली आहे. रंगात वाळू कालवण्याचं म्हणाल तर जॉर्ज ब्राकने १९१२ च्या सुमारास ते केलं होतं. त्याला वाळवंट काढायचं नव्हतं. चित्राच्या पृष्ठभागालाच वस्तू म्हणून उभं करायचं होतं. वाळू चिकटवून वाळवंट होत असतं तर आपल्याकडच्या गवंड्यांनी भिंतीभिंतीवर वाळवंटं केली असती.

मोबाइलच्या फोटोवरून घरी रंगवण्याबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याला उजळ वाळू दिसली की तो सगळंच चित्र गडद करून वाळूला करड्याजवळ आणतो. हल्लीचे फोन सावल्या आपणहून उजळवतात आणि उजेड दाबतात, म्हणजे ज्या उजेड-सावलीच्या फरकावर पोत आणि खोली उभी आहे तोच फरक ते पुसून टाकतात. त्यावरून रंगवलेली वाळू मेलेली दिसली की दोष पुन्हा वाळूला. जो तासभर उन्हात बसायला तयार नाही, त्याने वाळवंट कंटाळवाणं असतं हा निकाल देऊ नये.

आता शेवटचा, हुकमी समजला जाणारा मुद्दा: कोकण हिरवं आहे, हिरवंच रंगवा. कोकणाचा कुठला भाग हिरवा आहे आणि किती महिने? माड-पोफळीच्या बागा खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. त्यांच्या वर चढलं की कातळ लागतो आणि तो दूरवर पसरतो. देवगडच्या हापूसचा एवढा डंका आहे, पण त्यातल्या कित्येक बागा याच कातळात सुरुंगाने खड्डे करून, बाहेरून माती आणून उभ्या केल्या आहेत. ज्या घरांच्या कौलारू छपरांची चित्रं इतक्या हौसेने विकत घेतली जातात, त्या घरांच्या भिंती सड्यावरच्या खाणीतल्या चिऱ्यांच्या आहेत. सडा वगळून काढलेलं कोकण हे पर्यटकांसाठी छाटलेलं कोकण आहे. देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचं नाव झालं, ठीकच झालं. पण चित्रकारानेही आपला जिल्हा पाहुण्याच्या नजरेने पाहायचा का? हिरव्याचं आणि माडांचं चित्र वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. तेवढंच चित्र असतं, हे मी मानत नाही.

विकत कोण घेणार, या प्रश्नाला उत्तर एकच. जे कधी दाखवलंच गेलं नाही ते मागणार कोण? सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर यांच्या ज्या जलरंगातल्या चित्रासमोर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक आजही थबकतात, त्यात काय आहे? हातात दिवा धरलेली एक स्त्री आणि त्या दिव्याचा उजेड. ना देखावा, ना गर्दी. उजेड खरा असला की प्रेक्षक थांबतो, ही या मातीतल्याच चित्रकाराने दिलेली साक्ष आहे. प्रेक्षकाला कमी लेखून चित्रं निवडणाऱ्यांनी ती विसरू नये.

हा वाद चित्रकारांच्या आपसातला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. उजाड जमिनीत काही नाही हे मत कागदावरून जमिनीवर उतरतं. सातबाऱ्यावर असा कातळ पोटखराब म्हणून लागतो. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात उघडा खडक, किनाऱ्यावरची वाळू आणि वाळवंटातली वाळू या वेगवेगळ्या वर्गवाऱ्या आहेत, आणि त्या तिन्ही पडीकमध्येच मोडतात. महसुलाच्या हिशेबाला ते शब्द लागत असतील. पण ज्या समाजाच्या चित्रांत, कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर ही जमीन कधीच आली नाही, त्या समाजाला ती खणली गेली, तिच्यावर राडारोडा टाकला गेला, तरी काही गमावल्यासारखं वाटणार कसं? आपण जे पाहायला शिकलो नाही, ते राखायलाही शिकत नाही.

आणि गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, की कोकणातली सगळ्यांत जुनी चित्रं याच सड्यावर आहेत. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी उघड्या जांभ्यात हत्ती, मासे, माणसं, न उलगडलेल्या आकृती कोरल्या. रत्नागिरीतली कशेळी, बारसू, उक्षी, आणि आपल्या मालवण तालुक्यातली कुडोपी ही त्यांतली काही ठिकाणं. ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या अनाम माणसांनी कातळाला चित्राच्या लायकीचं मानलं. रंगपेट्या, पदव्या आणि पुरस्कार हाताशी असलेल्या आपण त्याला नालायक ठरवायचं?

म्हणून पुन्हा एकदा, स्पष्टपणे. उजाड जमिनीत विषय असतो, आणि तो विषय म्हणजे प्रकाश, अंतर आणि जमीन. तिला रंग असतात, ते पाहावे लागतात. तिला खोली असते, ती पोताच्या चढउतारातून आणि तिथल्या हवेतून येते. तिचा पोत रंगाच्या जाडीत नसतो, तो तिरक्या उन्हात असतो. ज्याला वाळू आणि कातळ रंगवता येत नाही, त्याला निसर्गचित्र अजून यायचं आहे, मग त्याने माडांची कितीही चित्रं विकलेली असोत.

कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. दुपार कलल्यावर ओहोटी असेल अशा एखाद्या दिवशी मुलांना मिठबावच्या पुळणीवर नाहीतर आपल्या गावाजवळच्या सड्यावर घेऊन जा. पहिला तासभर ब्रश हातात देऊ नका, नुसतं पाहू द्या. मग सांगा: झाड नाही, होडी नाही, देऊळ नाही, माणूस नाही, आता चित्र काढा. आणि परीक्षकांना एवढंच सांगणं की त्यातलं एखादं चित्र तुमच्या टेबलावर आलं, तर विषय कुठे आहे असं विचारू नका. उन्हाची वेळ ओळखता येते का आणि पायाशी असलेली वाळू दूरच्या वाळूपासून वेगळी होते का, एवढं पाहा आणि त्यावरच गुण द्या.